हद्द

मी इतिवृत्त लिहिते. तेवढंच माझं काम.
गुरुवारी सकाळी दहाला, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
तीन प्राध्यापक, विद्यार्थी संघटनेची एक मुलगी,
पाण्याचा जग, आणि टेबलाच्या त्या टोकाला
कॅलम ऑर्मरॉड, वय वीस, भूगोल, दुसरं वर्ष,
कुणाचा तरी उसना कोट, बाह्या बोटांवर आलेल्या.

आरोप वाचला गेला.
शनिवारी रात्री दोन चाळीसला, टॅनर्स रो, लँकेस्टर,
कॅम्पसच्या फाटकापासून तीन मैल,
यानं नऊ घरांपुढच्या 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या उपटल्या
आणि आपल्या दारापुढं एका ओळीत रोवल्या.
रोवताना मोठ्यानं गायला.
काय गायला ते तक्रारीत नाही.
तक्रार हॅलिवेलबाईंची, घर क्रमांक अकरा.
त्यांना पहाटे सहाला डायलिसिसला जायचं होतं.
हे मी लिहून घेतलं, कारण तेही खरंच होतं.

पोलीस आले नव्हते. दुपारी उठून
त्यानंच पाट्या जागच्या जागी लावल्या होत्या.
एक उलटी लागली होती.

'पण ते तर कॅम्पसबाहेर–'
डॉक्टर फेअरक्लफ यांनी नियम बारा उघडला.
'विद्यापीठाचं नाव तुझ्यासोबत चालतं,
तू जाशील तिथं.'
बरोबरच आहे, म्हटलं मनात,
लक्तरं टांगतात ती वेशीवरच.
वेशीच्या आत कोण बघतं?

माझे वडील जतला मोजणी खात्यात होते.
साखळी, नकाशाची गुंडाळी,
आणि बांधाच्या दोन्ही अंगांना तोंड फिरवून उभे दोन भाऊ.
शेंगा उतरायच्या वेळी बाभूळ माझी,
तोडायच्या वेळी मुळं त्याच्यात.
अण्णा दगड रोवायचे, चुना ओतायचे,
हात झटकत म्हणायचे,
सावली घेतलीस ना? मग पाचोळाही तुझाच.

कॅलमनं खिशातून कागद काढला. चार घड्या.
मी उलगडण्याआधीच ओळखला.
नोव्हेंबरात, रजेवर गेलेल्या बाईंच्या खुर्चीत बसून
मीच टाइप केला होता:
'आपल्या भाड्याच्या खोलीतील बुरशीबद्दल वाचून खेद झाला.
तथापि सदर घर विद्यापीठाच्या आवाराबाहेर असल्याने
हा विषय आमच्या कक्षेत येत नाही.'
साहेबांनी नुसतं 'पण' सांगितलं होतं.
'तथापि' माझा.

आवाज न चढवता त्यानं विचारलं,
'माझ्या खोलीची भिंत तुमच्या हद्दीबाहेर,
आणि त्याच भिंतीपुढं मी गायलो
ते हद्दीत कसं?'

कुणी तरी जग सरकवला.
हे दोन वेगळे विषय आहेत, डॉक्टर फेअरक्लफ म्हणाले.
माणूस वाईट नव्हे. मुलाचा पेला त्यांनीच भरला.

पंचाहत्तर पौंड.
लेखी माफी शेजारणीला, प्रत कार्यालयाला.

इतिवृत्तात मी प्रश्न उतरवला होता, शब्दशः, अवतरणचिन्हांसकट.
मसुदा परत आला. प्रश्नाच्या जागी
'विद्यार्थ्याने आपले म्हणणे मांडले.'
मी बदल स्वीकारला. बटण एकच असतं.
माझ्याही करारात एक कलम आहे
कामाच्या वेळेबाहेरच्या वर्तनाचं.
घरी कुकर लावताना कधी कधी
गळ्यातलं ओळखपत्र चाचपते. नसतं.
तरी चाचपते.

आठवड्यानं प्रत आली.
दीड पान, निळी शाई, खाडाखोड.
यंत्रावर किती तास बसावं लागतं, ही विचारपूस.
आणि शेवटी: ती उलटी पाटी तुमच्या शेजारची,
रविवारी सुलट करून देतो.

पाकीट फोडताच ओल नाकाशी आली,
ट्रंकेत तळाशी राहून गेलेल्या चादरीसारखी.
मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला,
कागद फायलीला लावून कपाट बंद केलं.

सोमवारी कपाट उघडलं.
सगळ्याच फायलींना तो वास.